क्षमा कोणी करायची?



काइनाने हाबेलाला ठार केले तेव्हा देवाने त्याला प्रथम काय विचारले, ते आठवून पाहा. का मारलेस, असे नव्हे. तुझा भाऊ आहे कुठे, असे विचारले. काइनाने उडवाउडवी केली. उत्पत्तीच्या पुस्तकातील तोच प्रश्न आपल्या काळात चिली देशाच्या न्यायालयांत विचारला गेला आहे.

चिली हा दक्षिण अमेरिकेतील बहुसंख्य कॅथलिकांचा देश. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल ऑगुस्तो पिनोशे यांनी सैन्याच्या बळावर सत्ता घेतली आणि १९९० पर्यंत राखली. त्या काळात ३ हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली. पिनोशे स्वतःला कॅथलिक म्हणवीत, मिस्सेला जात. हे आपण झाकून ठेवू नये.

त्याच देशात, सांतियागोचे कार्डिनल राउल सिल्वा हेन्रिकेझ यांनी १९७६ साली कॅथेड्रलला लागूनच पीडितांसाठी कचेरी उघडली. बेपत्ता झालेल्यांच्या आया, बायका तेथे येत. कचेरीचे वकील, आमच्या माणसाला कोर्टापुढे हजर करा, असे अर्ज लिहून देत. कोर्टे जवळजवळ सगळे अर्ज फेटाळीत. तरी प्रत्येक कागद जपून ठेवला गेला. पुढे तेच कागद न्यायाधीशांना उपयोगी पडले. १९७८ च्या अखेरीस लोन्केन गावच्या चुन्याच्या पडक्या भट्ट्यांत प्रेते असल्याची खबर चर्चकडे आली. चर्चने पाठवलेली माणसे जाऊन पाहतात तो खरेच! १५ जणांचे अवशेष निघाले. पोलिसांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये उचलून नेलेले ते पुरुष. त्यांत एकाच घरातील बाप आणि चार मुलगे.

ते पोलीस सुटले. कारण एप्रिल १९७८ मध्येच सरकारने कायदा करून सप्टेंबर १९७३ ते मार्च १९७८ या काळातील गुन्ह्यांना माफी देऊन टाकली होती. ही माफी कोणी दिली? ज्यांचे हात माखले होते त्यांनीच, आपली आपल्याला!

आपला प्रभू क्षमा करायला शिकवतो, मग म्हाताऱ्या माणसाला कोर्टात ओढणे ख्रिस्ती दयेला शोभते काय, असे काही भाविक विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. पण जखम ज्याची, क्षमा त्याची. दुसऱ्याच्या वतीने आपण ती वाटू शकत नाही. पापनिवेदनात पश्चात्तापाबरोबर भरपाईही लागते. जक्कयने चौपट परत करण्याचे कबूल केले, नुसते अश्रू ढाळले नाहीत. (शेताचा बांध सरकवून भावाला सणाला जेवायला बोलावणारे आपल्याकडेही आहेत. जेवण गोड असते, बांध तिथेच राहतो.) म्हाताऱ्याला कोठडीत टाकू नका, घरीच ठेवा, ही दया झाली. त्याला काही विचारूच नका, ही दया नव्हे.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटावरून पिनोशे यांना लंडनमध्ये अटक झाली. माजी राष्ट्रप्रमुख झाला तरी छळाच्या गुन्ह्यात त्याला संरक्षण नाही, असा निकाल तेथील लॉर्डांनी मार्च १९९९ मध्ये दिला. प्रकृतीच्या कारणावरून २००० साली ते मायदेशी परतले. तोवर चिलीच्या न्यायाधीशांनी माफीच्या कायद्यातून वाट काढली होती. प्रेत सापडलेले नाही, तर गुन्हा खुनाचा नव्हे, अपहरणाचा. आणि माणूस सापडेपर्यंत अपहरण संपत नाही. म्हणजे तो गुन्हा १९७८ नंतरही चालूच आहे, त्याला ती माफी लागू कशी होणार? सेमिनरीत आम्ही 'असणे' आणि 'नसणे' यांवर पुष्कळ घोकंपट्टी केली, पण त्याचा एवढा चोख उपयोग कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता. माफी हवी, तर माणूस कुठे आहे ते दाखवा!

पिनोशे यांनी दाखवले नाही. बुद्धिभ्रंशाच्या कारणावरून एक खटला २००२ साली थांबला, पुढे दुसरे उभे राहिले. १० डिसेंबर २००६ रोजी, मानवी हक्क दिनीच, निकालाविना ते वारले. त्यांच्या गुप्त पोलिसांचे प्रमुख मान्युएल कोन्त्रेरास यांना मात्र शिक्षा झाल्या, त्यांची बेरीज ५०० वर्षांहून अधिक. तेही २०१५ साली, शिक्षा भोगत असतानाच मरण पावले.

पिनोशे यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करावी काय? अवश्य करावी. बेपत्ता माणसांच्या शोधासाठी चिली सरकारने २०२३ साली राष्ट्रीय योजना सुरू केली. तेव्हाही हजाराहून अधिक जणांचा पत्ता लागलेला नव्हता, आणि जागा ठाऊक असलेले सैनिक आता ऐंशीच्या घरात आहेत.