माळ खुंटीस टांगलेल्यास

वारकरी बंधूंनो, माळ घातली की दारू वर्ज्य, हे वैरागच्या शेंबड्या पोरासही ठाऊक. पण माळ घालूनही ज्याचे पाऊल पुन्हा गुत्त्याकडे वळले, तो लाजेने माळ खुंटीस टांगतो आणि भजनास यायचेच सोडतो. अशास टाकून बोलणे आम्हांस मुळीच पटत नाही. शपथ एकट्याने पेलत नाही, तिला संगत लागते.

अमेरिकेत १९३५ साली एका शेअरदलालाने व एका शस्त्रवैद्याने हेच ओळखले. दोघेही दारूने गांजलेले. एकमेकांस आपली कहाणी सांगत सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ निघाले. त्याच्या सभेस फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. सोडण्याची इच्छा असली की पुरे. देव ज्याचा त्याने धरावा. आपला विठोबा आहेच की!

सभा जवळ कोठे भरते, हे सरकारी दवाखान्यात विचारावे, किंवा १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट फोन लावावा. बार्शी-सोलापूर गाठावे लागले तरी गाठावे. पंढरीस पायी जाणाऱ्यास एस.टी.चा प्रवास तो काय जड! मात्र रोज पिणाऱ्याने एकदम सोडण्याआधी डॉक्टरांस भेटावे. हात कापतात, झटकेही येतात. आणि पहिल्या खेपेस भजनी मंडळातील कोणीतरी त्याच्यासोबत जावे, सभा संपेतो बाहेर थांबावे.