राग येतो तेव्हां वचन कोठें असतें ?



ख्रिस्ती मनुष्यानें चोरी करूं नये, खोटें बोलूं नये, हें मंडळींतील लहान मूलहि जाणतें. परंतु राग, मत्सर, किळस, भीति व खेद हीं मनांत न बोलावितां येतात. त्यांविषयींहि आपण जाबदार आहों काय? "हात माझ्या स्वाधीन आहे, पण मन माझ्या स्वाधीन कोठें आहे ?" असें पुष्कळांचें म्हणणें असतें. या प्रश्नाचा आज थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

निमगाव सावा हें जुन्नर तालुक्यांतील शेतकऱ्यांचें गांव. तेथें काय किंवा आंबेगांवाकडील कोणत्याहि खेड्यांत काय, बांधाचा तंटा सर्वांस ठाऊक आहे. समजा, शेजाऱ्याची नांगरट झाली आणि आपला बांध वीतभर कोरलेला दिसला. पाहतांच अंगाचा भडका होतो. हा भडका आपोआप झाला असें आपणांस वाटतें, पण त्याच्या आधीं एक विचार मनांतून निघून गेलेला असतो : "यानें मला कमी लेखिलें." दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, शेजाऱ्यास याची वार्ताहि नव्हती, भाड्यानें आणिलेल्या ट्रॅक्टरवाल्यानें अंधारांत चुकून बांध कोरला, तर तोच राग अर्धा उतरतो. माती तितकीच गेलेली असते. बदलला तो केवळ विचार. यावरून दिसतें कीं, भावना ही बहुधा विचाराच्या मागून येते, आणि मनास कोणत्या विचाराचें खाद्य घालावें हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. पहिली ठिणगी उडाली तिचा दोष आपणांकडे नसेल. परंतु तिला रात्रभर फुंकर घालीत बसणें हें आपलेंच काम होय. म्हणूनच इफिसकरांस पत्रांत (४ : २६) प्रेषित रागाचें अस्तित्व नाकारीत नाहीं, त्यास सूर्यास्ताची मुदत मात्र घालून देतो.

रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायांत पौल मनाचें नवीकरण होऊन रूपांतर होऊं देण्याविषयीं सांगतो. मूळ ग्रीक भाषेंत तेथील क्रियापद चालू काळाचें व कर्मणि आहे. म्हणजे हें काम एका दिवसांत उरकणारें नव्हे, आणि केवळ आपल्या बळानें होणारेंहि नव्हे. बाप्तिस्म्यास एक घटका पुरते. मनास वर्षें लागतात.

याचें उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे. रे. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा १९०० सालीं. मधल्या काळांत काय घडलें तें लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' या आपल्या आत्मवृत्तांत मोकळेपणानें सांगितलें आहे. सोवळेंओवळें ही त्यांच्याकरितां नुसती रीत नव्हती. ती अंगांत भिनलेली भावना होती. पतीजवळ राहावयास आल्यावरहि त्यांनीं आपलें सोवळें संभाळिलें. पुढें एकदां, जातिभेद देवानें केला कीं मनुष्यानें, याचा त्यांनीं आपल्याशींच विचार केला. तो मनुष्यानेंच केला अशी खात्री पटली, तेव्हां ज्यांच्या हातचें त्यांस चालत नसे त्यांच्या हातचें त्या खाऊंपिऊं लागल्या. येथें क्रम लक्षांत घ्यावा. आधीं विचार पालटला, मग हात पुढें झाला, आणि हाताच्या मागून मन आलें. किळस जाईपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर ती कदाचित् कधींच गेली नसती.

हें वाचून आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवूं नये. आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळवितांना पूर्वीची जात हळूच विचारली जाते कीं नाहीं ? रविवारीं प्रभुभोजनास एकत्र बसावें आणि सोमवारीं स्थळ आलें असतां नाक मुरडावें, तर गलतीकरांस पत्राचा ३ रा अध्याय आपल्या कानांपर्यंत पोहोंचला, मनापर्यंत पोहोंचला नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

मत्सराविषयीं ७३ वें स्तोत्र वाचावें. दुष्टांची भरभराट पाहून आसाफाचा पाय घसरूं लागला होता. त्यानें आपला मत्सर लपविला नाहीं. तो घेऊनच तो देवाच्या पवित्रस्थानीं गेला, आणि तेथें त्याची दृष्टि पालटली. शेजाऱ्याच्या कांद्यास नारायणगांवीं चांगला भाव मिळाला व आपला कांदा चाळींत सडला, तर आसाफाप्रमाणेंच बोलावें. देवापुढें खोटें हसूं आणण्याची गरज नाहीं.

येथें उपदेशकांस एक विनंती करणें आम्हांस अवश्य वाटतें. ज्याच्या घरीं मृत्यु झाला त्यास वचनाचा दाखला देऊन, "रडूं नकोस, विश्वास धर," असें दटावूं नये. लाजराच्या कबरेपाशीं प्रभु स्वतः रडला (योहान ११ : ३५). एलीया मरण मागूं लागला तेव्हां देवानें त्यास आधीं झोप व भाकर दिली, बोलणें मागून केलें (१ राजे १९). शोक हें पाप नव्हे. आणि ज्याचा खेद महिनोन्महिने हटत नाहीं, अन्नझोप तुटली आहे, त्यास डॉक्टरकडे नेणें हा अविश्वास नव्हे, ती प्रीतीच आहे.

तर मग वचन मनांत कसें मुरावें ? तें ताईताप्रमाणें भिंतीवर टांगून भागत नाहीं. पहिल्या स्तोत्रांत जें मनन सांगितलें आहे, त्याच्या मूळ इब्री शब्दाचा अर्थ पुटपुटणें असाहि होतो. गाय चारा एकदांच खाते, पण रवंथ सावकाश करिते. सकाळीं एकच ओवी घ्यावी, आणि खुरपतांना, पाणी धरतांना, दळण घेऊन जातांना ती ओठांवर ठेवावी. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस घरांतील मुलानें ती सांगावी. ती आपल्या घरच्या बोलींत असावी. याच पुणें जिल्ह्यांत, केडगांवीं, पंडिता रमाबाईंनीं साध्या बायकांस समजेल असें भाषांतर करण्यांत आपल्या आयुष्याचीं शेवटचीं वर्षें वेंचिलीं, व १९२२ सालीं त्या निवर्तल्या. मनुष्यास राग ज्या भाषेंत येतो त्या भाषेंत वचन ठाऊक नसेल, तर रागाच्या वेळीं तें आठवावें कसें ?

बंधुभगिनींनो, बांधावर उभें असतां वचन शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं. तें आधींच आंत असलें पाहिजे. या आठवड्यांत ज्याच्याशीं आपलें बोलणें बंद आहे, त्याचें नांव प्रार्थनेंत घ्यावें, आणि मन तयार होण्याची वाट न पाहतां रामराम किंवा सलाम आपणच आधीं करावा. मन मागून येईल. तें आणणारा प्रभु विश्वासू आहे.