पक्ष्याच्या डोळ्यामागे काय आहे?

शिकारीशी आमच्या घराण्याचा संबंध ढेकणांच्या पलीकडे कधी गेला नाही. त्यातही अंतर मोजायचा प्रश्न यायचा नाही, कारण शिकार शिकाऱ्याच्या अंगावरच असायची. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं उरलीसुरली शिकारही जवळजवळ बंद झाली आणि आमच्या भित्रेपणाला कायद्याचं कोंदण मिळालं. अशा माणसाला पेन्सिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या भाच्यानं फोन करून विचारावं, "मामा, रायफलवर बसवायची दुर्बीण स्वस्तातली घेऊ की बरी घेऊ?" याला काळाचा महिमा म्हणायचं.

बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण 'स्वस्तातली की बरी' या विषयातला आपला अधिकार कोण नाकारील? प्रेशर कुकरपासून जावयापर्यंत सगळी खरेदी आपण याच एका प्रश्नावर पार पाडलेली असते!

तिकडे थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा वर्षानुवर्षं हरणांच्या शिकारीचा मुहूर्त. कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी. २०१९ पासून तो मुहूर्त शनिवारवर आला, एवढाच बदल. लांडगे कधीच संपले, हरणं वाढली. ती परसातला भाजीपाला खातात आणि रस्त्यावर गाड्यांसमोर येतात. भाचाही ऑफिसातल्या मित्रांबरोबर निघाला होता. त्यासाठी लागणारा शिकारीचा वर्ग त्यानं रीतसर पुरा केला होता. अडलं होतं ते दुर्बिणीपाशी.

मी आपला अभ्यासाला लागलो. साध्या दुर्बिणीवर '३-९×४०' असं लिहिलेलं असतं. म्हणजे वस्तू तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठी दिसणार, आणि पुढच्या भिंगाचा व्यास चाळीस मिलिमीटर. चाळिसाला तिनानं भागलं की डोळ्याशी येणारा प्रकाशाचा ठिपका तेरा मिलिमीटरचा. नवानं भागलं की जेमतेम साडेचार. आणि हरणं बाहेर पडणार पहाटे नाहीतर दिवेलागणीला! म्हणजे फार जवळून बघायला जावं तर अंधुक दिसतं. नातेवाइकांच्या बाबतीत हा नियम मला आधीच माहीत होता. शिवाय डोळा काचेपासून तीन-साडेतीन इंच लांब ठेवायचा, नाहीतर गोळी सुटताना दुर्बीण मागे येऊन भुवईला प्रसाद देते. पण अगदीच स्वस्त दुर्बिणीचा खरा दुर्गुण वेगळा. त्या धक्क्यांनी तिचा नेम हळूहळू सरकतो, आणि सरकलाय हे ती सांगत नाही.

दुसरं यंत्र अंतर मोजायचं. त्यातून लेझरचा किरण जातो, हरणावर आपटून परत येतो आणि जाण्यायेण्याच्या वेळावरून यंत्र अंतर सांगतं. खोक्यावर ठळक अक्षरांत 'हजार यार्ड' छापलेलं असतं. ते चकचकीत पाटीसाठी असतं. हरणाच्या केसाळ अंगावरून किरण इतका छान परतत नाही. तिथे आकडा निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. स्थळाच्या पत्रिकेत लिहिलेला पगार आणि हातात पडणारा पगार, त्यातलाच प्रकार.

इथवर गंमत चालली होती. मग एक हिशेब वाचनात आला आणि गंमत जरा बाजूला ठेवावी लागली. 'थर्टी-ऑट-सिक्स' या तिकडच्या नेहमीच्या काडतुसाचा नेम दोनशे यार्डांवर बसवला, तर तीनशे यार्डांवर गोळी सुमारे आठ इंच खाली जाते आणि चारशेवर जवळजवळ दोन फूट. हरणाची काळीज-फुप्फुसाची जागा आठ-दहा इंचांची, जेवायच्या ताटाएवढी. म्हणजे चारशे यार्डांना कुणी 'असतील तीनशे' म्हटलं की गोळी पोटात किंवा पायात. ते हरीण तिथे पडत नाही. झुडपात जाऊन तासन्‌तास, कधी दिवसभर मरत राहतं. शिकाऱ्याची चूक अंदाजाची. पण ती भोगणारा दुसराच.

मग चांगलं यंत्र घेणं ही भूतदया झाली की काय? मला तसं म्हणवेना. यंत्र जितकं भारी तितका माणूस लांबून मारायला धजावतो, आणि ज्याच्यापर्यंत वास नाही, पावलाचा आवाज नाही, अशा अंतरावरून मारण्यात शिकार कसली? 'प्राण्याला निसटायची खरीखुरी संधी हवी' हे व्रत अमेरिकेतल्याच शिकाऱ्यांनी घेतलेलं आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यासाठी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला. १९०२ साली मिसिसिपीत लोकांनी त्यांच्यासाठी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं, तेव्हा 'बांधलेल्यावर गोळी झाडणार नाही' असं म्हणून ते मागे फिरले. त्यातून जगाला 'टेडी बेअर' मिळाला. पण जखमी अस्वलाचे हाल संपवायला त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, आणि ते मारलं गेलंच. खेळण्याच्या दुकानात हा उत्तरार्ध कोणी सांगत नाही.

तेव्हा मी भाच्याला सल्ला दिला तो असा: दुर्बीण मधल्या किमतीची, नेम न सरकणारी घे. अंतर मोजायचं यंत्र साधंच घे, कारण त्याचा खरा उपयोग 'लांब आहे, मारू नकोस' हे सांगण्यापुरताच. उरलेल्या पैशांची काडतुसं घेऊन कागदाच्या हरणावर सराव कर. आणि एक हातात धरायची दुर्बीण वेगळी घे. 'ते काय हलतंय' हे बघायला रायफलवरची दुर्बीण लावणं म्हणजे, ते जे काही असेल त्याच्यावर भरलेली बंदूक रोखणं.

"मामा, एवढं सगळं बघत बसलो तर हरीण जाईल की!"

"जाईना का. तू काय उपाशी आहेस?"

भुकेल्या माणसाच्या घाईला देव क्षमा करील. पोट भरलेल्याला घाई करायचं कारणच काय? आपली पुराणं उघडून बघा. दशरथानं घागर भरल्याचा आवाज ऐकला, हत्ती समजून बाण सोडला आणि श्रावण गेला. जरा व्याधानं हरीण समजून बाण मारला तो श्रीकृष्णाच्या पायाला. पंडूनं हरणाचं जोडपं बघितलं, आत ऋषी आहे हे बघितलं नाही. तिघांचाही नेम अचूक होता. अनर्थ झाला तो नेमाच्या अलीकडे, बघण्यात.

आणि आपण मुलांना शिकवतो काय, तर अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला म्हणून तो पास! भाच्याच्या शिकारीच्या वर्गात एक नियम होता: निशाणी नीट ओळखा आणि तिच्या मागे काय आहे ते बघा. या परीक्षेत अर्जुनाला 'पुढच्या वर्षी या' म्हणून घरी पाठवला असता. झाड दिसतं, पक्षी दिसतो, भाऊ दिसतात, गुरुजी, तुम्हीही दिसता, असं सांगून नापास झालेला युधिष्ठिर मात्र तिथे पहिल्या नंबरानं पास झाला असता. बाण लागला नसता, हे मान्य. पण भाऊ सगळे घरी परतले असते.