नरो वा व्याघ्रो वा

‘नेहमी खरे बोलावे’ हा सुविचार मी शाळेच्या फळ्यावर आजवर किती वेळा लिहिला असेल, याचा हिशेब नाही. दर सोमवारी सुविचार बदलायचा असतो. नवीन काही सुचलं नाही की हात आपोआप हाच लिहून मोकळा होतो. त्यामुळे खरं बोलणं ही माझ्या बाबतीत नीतीपेक्षा हस्ताक्षराची बाब झालेली आहे. असा हा मनुष्य गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, भर दिवसा, एका वाटाड्याच्या साक्षीने, पोटच्या पोरीशी खोटं बोलला. तेव्हापासून सोमवारी फळ्याजवळ गेलो की खडू जड लागतो.

आम्ही राहतो देवगाव फाट्यावर. परभणी जिल्ह्याच्या नकाशात सेलूच्या वरच्या अंगाला एक ठिपका दिसेल, तो आमचा. इथून एक रस्ता सेलूकडे जातो, एक चारठाण्यावरून जिंतूरकडे आणि एक मंठ्याकडे. फाट्यावर राहणाऱ्या माणसाला दिशा तीन असतात आणि गुपित एकही नसतं. आपण कुठं चाललो हे आपल्याआधी चहावाल्याला कळतं. आमची चिमी बालवाडीत आहे. व वाघाचा, हे तिला कळलं आणि तिने विचारलं, “बाबा, खरा वाघ केवढा असतो?” मी वर्तमानपत्रात तोंड घालून म्हटलं, “दाखवू की दिवाळीत.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

झालं. एका शब्दात मी विकला गेलो. आश्वासन, वचन, शब्द देणं या गोष्टी मोठ्या माणसांच्या. त्यांत पळवाटा असतात. प्रॉमिस हे लहान मुलांचं नाणं, आणि ते रोख चालतं. शिवाय मी जे देऊ केलं ते माझं नव्हतंच. फुगा देतो म्हणावं, सेलूला नेऊन आइस्क्रीम देतो म्हणावं, फार तर लोणारचं सरोवर दाखवतो म्हणावं. ते उठून कुठं जात नाही. पण वाघ? दुसऱ्याच्या खिशातल्या पैशाचं दान करणाऱ्यातला हा प्रकार. हे मला तेव्हा सुचलं नाही. आमच्या सौ.ला सुचलं, पण ती नुसती “हं” म्हणाली. या “हं”चा अर्थ लग्नाला सात वर्षं झाल्यावर कळायला लागतो.

निघायच्या दिवशी पहाटे चहावाल्याने गाडीत डोकं घातलं. “गुरुजी, लेकराला घेऊन कुठं निघालाव?”

“मेळघाटात. वाघ बघायला!” चिमीने परस्पर जाहीर केलं.

“आन् नाई दिसला तर?”

“दिसणार! बाबांनी प्रॉमिस केलंय.”

त्याने माझ्याकडे जरा करुणेने पाहिलं आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. फाशीच्या कैद्याला शेवटचं जेवण देतात, तसं मला वाटलं.

आमची गाडी जुनी आहे. इतकी, की तिच्या पूर्वीच्या मालकाची चिमीएवढी मुलगी आता नोकरीला लागली. मंठा सोडून लोणारला थांबलो. बसाल्टच्या कातळात उल्का आदळून झालेलं हे विवर जगातल्या मोजक्या नवलांपैकी एक; जून २०२० मध्ये तर त्याचं पाणी चक्क गुलाबी झालं होतं. हे सगळं मी मास्तरी आवाजात समजावून सांगत असताना चिमी एका वानराकडे बघत होती. ते कुणाचा तरी बिस्किटपुडा फोडत होतं, आणि ते मला जमतं त्याच्यापेक्षा चांगलं फोडत होतं. पुढे मेहकर, पातूर, अकोला, अकोट. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. परतवाडा सुटल्यावर घाट लागला आणि चिमीने खाल्लेल्या दशम्या गाडीला परत केल्या. सौ. म्हणाली, “हे सगळं नक्की कुणासाठी चाललंय हो?” मी म्हटलं, “अगं, पोरीसाठी!” हे माझं त्या प्रवासातलं पहिलं खोटं. ते कुणी धरलं नाही. वाघ मलाच बघायचा होता. पोरीचं नुसतं निमित्त.

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. पण ताडोब्यासारखा इथे वाघ सहजी दिसत नाही. सगळा डोंगर-दऱ्यांचा मुलूख, सागाचं आणि बांबूचं दाट रान, आणि पावसाळा नुकता सरलेला म्हणजे गवत पुरुषभर. त्यात हत्ती उभा राहिला तरी आपण त्याला गवत समजावं. सेमाडोहला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी जिप्सीत बसलो. बरोबर वाटाड्या होता, तिथलाच कोरकू गृहस्थ. कमी बोलणारा. चिमी त्याला लगेच काका म्हणू लागली.

सकाळच्या फेरीत सांबर दिसलं, गवे दिसले, मोर तर पैशाला पासरी. मध्येच काकांनी गाडी थांबवायला सांगितली आणि चिमीला हळूच एक सागाची फांदी दाखवली. तिच्यावर मुठीएवढं एक घुबड दिवसाढवळ्या डोळे वटारून बसलं होतं.

“वन पिंगळा, साहेब. हा बघायला लांबलांबून लोक येतात.”

चिमी अगदी श्वास रोखून बघत होती. मी म्हटलं, “ते राहू द्या हो. वाघाचं बघा काही.”

काकांनी मान डोलावली आणि गाडी पुढे निघाली.

दुपारच्या फेरीतही वाघाचा पत्ता नाही. सूर्य कलला. गेट जवळ आलं. चिमी रडत नव्हती, हेच वाईट होतं. ती रडली असती तर मी रागावलो असतो आणि प्रश्न मिटला असता. ती नुसती माझ्या शर्टाची कड धरून बसली होती आणि डोळे काठोकाठ भरले होते. मग ती हळूच म्हणाली, “बाबा, तुम्ही प्रॉमिस केलं होतं ना?”

आणि मी बोट दाखवलं. वळणावरच्या बांबूत वाळलेल्या पानांचा एक तांबूस पट्टा होता, त्याच्याकडे. “तो बघ! तो बघ! गेला, गेला! शेपूट दिसली ना?”

चिमी ताडकन उभी राहिली. एक क्षण गेला. मग तिच्या तोंडावर जो प्रकाश पडला तो मी आयुष्यात विसरणार नाही. “दिसली! बाबा, दिसली!”

सौ.ने बाहेर बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं, फार नाही, एवढंच. मग ते पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. गेटवर वहीत काय काय दिसलं ते लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं: सांबर, गवा, मोर, वन पिंगळा. पुढे रेघ. चिमीला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, हे माझं नशीब.

परतीच्या वाटेवर मी माझ्या बाजूने बराच युक्तिवाद केला. मनातल्या मनात, कारण सौ. बोलत नव्हती. कुरुक्षेत्रावर साक्षात धर्मराजाने ‘नरो वा कुंजरो वा’ केलंच की नाही? अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला, आणि द्रोणाचार्यांना वाटलं मुलगा गेला. तिथे तर गुरूचा जीव गेला. इथे एका पोरीचे डोळे पुसले. त्या अर्धसत्यापायी म्हणे धर्मराजाचा रथ, जो जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो खाली टेकला. आमच्या गाडीला ही भीती नाही. ती आधीपासूनच जमिनीला टेकलेली असते, आणि मेहकरच्या अलीकडच्या गतिरोधकाने तिचा धुराचा नळकांडाही काढून घेतला. जर्मन तत्त्वज्ञ कांट तर १७९७ साली लिहून गेला आहे की, मित्राचा खून करायला आलेल्या मारेकऱ्याने पत्ता विचारला तरी खोटं बोलू नये. पण कांटसाहेब अविवाहित. आपल्या गावचा मुलूख सोडून ते उभ्या आयुष्यात कधी लांब गेले नाहीत. संध्याकाळी सहा वाजता, गेट बंद व्हायच्या बेतात असताना, पाच वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन ते जिप्सीत बसले असते तर नीतिशास्त्राचा एखादा खंड कमी झाला असता.

असं मी स्वतःला निर्दोष सोडून दिलं होतं. पण घरी आल्यावर, काकांची ती वही डोक्यातून जाईना म्हणून, त्या पिंगळ्याबद्दल वाचायला घेतलं आणि पंचाईत झाली.

हा वन पिंगळा १८८४ नंतर कुणाला सापडलाच नव्हता. संपला, असंच पुष्कळांनी धरलं होतं. फक्त एक नोंद नंतरची होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागन नावाचे एक इंग्रज लष्करी अधिकारी आणि मोठे पक्षितज्ज्ञ. त्यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण हा पक्षी मिळवला, अशी चिठ्ठी पेंढा भरलेल्या पिंगळ्याच्या पायाला बांधून ठेवली होती. एवढा मोठा माणूस कशाला खोटं बोलेल? त्या चिठ्ठीवर विसंबून गुजरातेत शोध झाले. मिळाला नाही. शेवटी पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी ते संग्रह तपासले, तेव्हा कळलं की चिठ्ठी बनावट. साहेबांनी खानदेशात पूर्वी दुसऱ्याच कुणी मिळवलेला पक्षी संग्रहालयातून उचलला होता आणि त्यावर आपलं नाव चढवलं होतं. मग मांडवीचा नाद सोडून बाई आणि त्यांचे सोबती खऱ्या जुन्या नोंदींच्या मागे निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पिंगळा झाडावर बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी! पुढे मेळघाटातही तो सापडला. म्हणजे ‘मला दिसला’ या दोन शब्दांच्या खोट्यापायी शहाणी माणसं चुकीच्या रानात हिंडली. आणि त्याच पक्ष्यासमोर मी, ‘ते राहू द्या हो’ म्हणालो होतो. योगायोग म्हणतात तो इतका टोचणारा असू नये.

इकडे फाट्यावर चिमीचा वाघ वाढत होता. पहिल्या दिवशी नुसती शेपूट होती. आजीला सांगताना कान आले. चहावाल्याला सांगताना त्याने वळून बघितलं. बालवाडीत पोचेपर्यंत त्याने डरकाळी फोडली. मी ऐकत होतो आणि मला एक गोष्ट फार उशिरा कळली. मी खोटं बोललो ते एकदा. ती तेच वीसदा बोलली असेल, आणि वीसही वेळा ती खरं बोलत होती. मोठ्या माणसाला फसवलं तर त्याचा फक्त विश्वास जातो. मुलाला फसवलं की आपण आपल्या खोट्याला एक प्रामाणिक साक्षीदार मिळवून देतो.

आठवड्याभराने शेजारचा बंडू आणि चिमी भांडत दारात आले. बंडू दुसरीत आहे, त्याला जग कळतं.

“सर, ही खोटं बोलते. मेळघाटात वाघ दिसतच नसतो, माझे मामा चारदा जाऊन आले.”

“बाबा, सांगा ना ह्याला! तुम्हीच पहिल्यांदा बघितला ना?”

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात लाटणं. चिमी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत शंकेचा लवलेश नव्हता. ‘नाही’ म्हणावं तर बंडूसमोर, म्हणजे पर्यायाने सगळ्या फाट्यासमोर, पोर खोटारडी ठरणार, आणि तेही तिचा काही अपराध नसताना. ‘हो’ म्हणावं तर ही दुसरी चिठ्ठी. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “बंडू, तुझा गृहपाठ झाला का?”

धर्मराजालासुद्धा हे सुचलं नसतं.

त्या रात्री मात्र मी ठरवलं. दिवा घालवल्यावर चिमीच्या शेजारी आडवा झालो आणि म्हटलं, “चिमे, ऐक. तो वाघ नव्हता. ती वाळकी पानं होती. तुला रडू येईल म्हणून मी खोटंच सांगितलं. माझी चूक झाली.”

बराच वेळ काही आवाज नाही. मग चिमी माझ्या गालावर हात ठेवून समजुतीच्या सुरात म्हणाली, “बाबा, तुम्हाला दिसला नसेल. मला दिसला.”

“अगं, पण—”

“त्याने माझ्याकडे बघितलं पण. झोपा आता.”

मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या झाँ पियाजेची एक आठवण आहे. लहानपणी आपल्याला कुणी पळवून न्यायला आलं होतं आणि दाईने झुंजून वाचवलं, हे त्याला अगदी लख्ख आठवायचं: जागा, गर्दी, दाईच्या तोंडावरचे ओरखडे. तो पंधरा वर्षांचा असताना दाईचं पत्र आलं, की ते सगळं मी रचलं होतं. आणि बक्षीस मिळालेलं घड्याळ तिने परत केलं. तरी पियाजेला तो प्रसंग पुढेही दिसतच राहिला. दाई निदान घड्याळ तरी परत करू शकली. मी काय परत करू?

सौ.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आता निदान बंडूला तरी तुम्हीच सांगा.” ते मात्र केलं. सकाळी बंडूला गाठून म्हटलं, “बंडू, वाघाचं मी सांगितलं होतं, आणि मी खोटं सांगितलं होतं. चिमी खोटं बोलली नाही.” बंडूने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तासाभरात ते फाट्यावर पोचलं. हल्ली चहावाला पुन्हा पैसे घेत नाही, आणि मी ते मुद्दाम कपाखाली ठेवून येतो.

परवा चिमीने चित्र काढलं. बांबू, त्यात वाघ, जिप्सी, जिप्सीत टोपीवाले काका. कोपऱ्यात झाडावर एक वाटोळं काहीतरी, त्याला दोन बटाट्याएवढे डोळे.

“हे काय गं?”

“पिंगळा. तुम्ही बघितलाच नाही नीट.” आणि रंग भरता भरता तिने विचारलं, “बाबा, पुढच्या दिवाळीत आपण काकांकडे परत जाऊ या? प्रॉमिस?”

सौ. भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

“सेमाडोहला जाऊ,” मी म्हटलं. “गाडी तिथपर्यंत पोचली तर.”

“आणि पिंगळा?”

“काकांना विचारू.”

“हं,” सौ. म्हणाली. या “हं”चा अर्थ अजून लागलेला नाही.