विदुराचा निरोप

वारणावताला निघालेल्या युधिष्ठिराला विदुराने निरोप देताना गूढ भाषेत काही सांगितलं. भोवतीच्या गर्दीला त्यातलं काही उमगलं नाही. खुद्द कुंतीलाही नंतर मुलाला अर्थ विचारावा लागला. पांडवांना लाखेच्या घरात जाळण्याचा कट असा फुटला. विदुर धृतराष्ट्राचं मीठ खात होता, कट रचणारा दुर्योधन त्याचा पुतण्या होता. तरी विदुराला कुणी चहाडखोर म्हणत नाही.

शाळकरी मुलाला मात्र हाच शब्द सर्वांत जास्त बोचतो.

मित्राचं गुपित फोडायचं नाही, हा नियम कुठल्याच फळ्यावर लिहिलेला नसतो, तरी तो निष्ठेने पाळला जातो. पण तो जिवावरही बेतू शकतो. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खातं यांनी १९७४ ते २००० या काळात तिथल्या शाळांत झालेल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या ८१ टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय शिजतंय हे निदान एकाला तरी आधी ठाऊक होतं. ठाऊक असणारे बहुतेक त्याचे मित्र, शाळासोबती किंवा भावंडंच होती.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये १२ विद्यार्थ्यांची आणि एका शिक्षकाची हत्या झाली. त्या आघातातून २००४ मध्ये ‘सेफटूटेल’ ही व्यवस्था उभी राहिली. धोक्याची चाहूल लागली की मुलांनी नाव न सांगता कळवायचं. कळवणाऱ्याची ओळख गुप्त राखण्याला कायद्याचं संरक्षण.

पण असं सांगणं धर्म की द्रोह? महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा कौशिकाने दरोडेखोरांना सांगितला, कारण त्याचं सत्याचं व्रत होतं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कौशिकाने गप्प राहायला हवं होतं, विदुराने बोलणंच योग्य होतं. दोन्हीकडे कसोटी एकच: कुणाचा जीव वाचतो? मैत्रीचं वचनही या कसोटीतून सुटत नाही. शिवाय सेफटूटेलकडे येणाऱ्या सूचनांत वर्षानुवर्षं आत्महत्येविषयीच्या सूचनांचं प्रमाण मोठं राहिलं आहे. म्हणजे कळवणारं मूल अनेकदा कुणावर आरोप करत नसतं; आपल्याच मित्राला वाचवायला धडपडत असतं.

नाव झाकलं की आकसही बोलू शकतो, ही भीती खरी आहे. एखाद्या निरपराध मुलावर बालंट येऊ शकतं. म्हणूनच सूचना हा निवाडा नव्हे. तिची शहानिशा करणं मोठ्यांचं काम आहे.

तिथेच मोठे कमी पडतात. ५ जानेवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या एका तरुणाबद्दल त्याच्या जवळच्या व्यक्तीने एफबीआयला फोन केला: त्याच्याकडे बंदुका आहेत, तो शाळेत गोळीबार करू शकतो. ती माहिती एफबीआयच्याच मायामीच्या कार्यालयापर्यंत पोचलीच नाही. १४ फेब्रुवारीला पार्कलंडच्या शाळेत त्याने १७ जणांना ठार केलं.

विदुर सूचना देऊन थांबला नव्हता. त्याने वारणावताला एक खनक, म्हणजे भुयार खणणारा, पाठवला. दुर्योधनाचा हस्तक पुरोचन याच्या नजरेआड त्या माणसाने घराच्या आतून भुयार खणलं आणि त्याचं तोंड फळ्यांनी जमिनीसारखं सपाट झाकलं. आग लागली त्या रात्री पांडव आणि कुंती त्या भुयारातून बाहेर पडले.