निवडून घेतलेला पूर्वज

मार्कस ज्युनियस ब्रुटसने इ.स.पू. ४४ मध्ये सीझरवर खंजीर उगारला, त्याच्या साडेचारशेहून अधिक वर्षे आधी ल्युसियस ज्युनियस ब्रुटसने टार्क्विन राजाला रोममधून हाकलले होते. राजाला परत आणण्याच्या कटात सापडलेल्या पोटच्या मुलांनाही त्याने देहदंड दिला, असे परंपरा सांगते. वंशजाने पूर्वजाचे नाव राखले, ही मांडणी जुनीच आहे. मला मात्र ती उलटी वाटते. नावाने मार्कसला घडवले नाही. त्या नावाचे जे धनी होऊन गेले, त्यांतला सोयीचा त्याने निवडला. कारण त्याच्या अगदी जवळ आणखी एक मार्कस ज्युनियस ब्रुटस होता, त्याचा बाप. रोमन सेनापती पॉम्पीच्या हुकमाने इ.स.पू. ७७ मध्ये त्याला ठार मारले गेले. नावाचे ऋण रक्तात असते, तर मुलाने ते आधी इथे फेडले असते. पण इ.स.पू. ४९ मध्ये सीझर आणि पॉम्पी यांच्यात यादवी पेटली तेव्हा तो पॉम्पीच्याच छावणीत गेला.

निवड केव्हा झाली, ते नाण्यावर दिसते. इ.स.पू. ५४ च्या सुमारास टांकसाळीचा अधिकारी असताना त्याने चांदीचा दिनार पाडला. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचे मुख. दुसरीकडे काठ्यांच्या जुड्या खांद्यावर घेतलेल्या सेवकांमधून चालणारा ल्युसियस आणि खाली एकच शब्द, ब्रुटस. सीझर तेव्हा गॉलमध्ये होता. रोममध्ये कुजबुज होती ती पॉम्पी हुकूमशहा होणार अशी.

ल्युसियसला मुले उरलीच नव्हती, मग वंश कुठला, हा आक्षेप प्राचीन काळीच घेतला गेला. पण वंश खोटा असेल तर निवडीचा मुद्दा अधिकच पक्का होतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: त्याच नावाचा डेसिमस ब्रुटसही सीझरविरुद्धच्या कटात होता, खुनाच्या सकाळी सीझरला घरातून सभेला घेऊन आला तो तोच. मग नावाचा काहीच प्रभाव नाही? पण डेसिमसने चार वर्षांपूर्वीच्या नाण्यांवर दत्तक घराण्याचे अल्बिनस हे नाव पुढे केले होते. ल्युसियसची मिरवणूक न काढताही खंजीर उचलता आला. कटात साठेक जण होते, बहुतेकांची नावे वेगळी. मार्कसचे नाव कटाचा म्होरक्या कॅशियसला हवे होते ते वेगळ्याच कामासाठी: त्यामुळे खुनाला तत्त्वाचा मान मिळणार होता.

म्हणूनच हे नाव कुठे झळकले याइतकेच ते कुठे लपवले गेले, हे पाहायला हवे. सायप्रसमधल्या सालामिस शहराला ४८ टक्के व्याजाने कर्ज दिले गेले. वसुलीसाठी स्काप्टियस नावाच्या माणसाने घोडेस्वारांनिशी तिथल्या सभासदांना सभागृहात कोंडले, आणि पाच जण उपाशी मेले. कर्जाच्या कागदांवर नावे होती स्काप्टियस आणि मॅटिनियस यांची. पैसा ब्रुटसचा आहे, हे प्रांताचा सुभेदार असलेल्या सिसेरोलाही मागाहून कळले.