छद्मवेषाला उजाळा

आमचे एक वयस्क स्नेही सेवानिवृत्त झाल्यापासून सैनिकांच्या लहान मूर्ति रंगविण्यांत रमले आहेत. मूर्ति म्हणजे अवघ्या पांच सेंटिमीटर उंचीच्या. खऱ्या माणसाचा पस्तिसावा हिस्सा. मागें एकदां आम्ही त्यांचेकडे गेलों तेव्हां मेजावर दुसऱ्या महायुद्धांतील एक जर्मन शिपाई उभा होता. अंगांत हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा कोट, तशीच विजार. स्नेह्यांच्या डोळ्याला भिंग आणि हातांत दोन-चार केसांचा कुंचला. वाचकांस हा वृद्धापकाळचा निरुपद्रवी छंद वाटेल. आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें.

छद्मवेषाचा उद्देश माणूस दिसूं नये हा; आणि रंगविणाऱ्याचा सारा खटाटोप तो दिसावा म्हणून! अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर यानें 1909 सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत प्राण्यांच्या रंगांविषयीं एक मार्मिक विचार मांडला. ऊन वरून पडतें, त्यामुळें पाठ उजळ व पोट काळसर दिसतें, आणि ह्या छायेवरूनच डोळ्याला शरीराची गोलाई कळते. निसर्ग हरिणाची पाठ गडद व पोट फिकें करून ही छायाच पुसून टाकतो. आमचे स्नेही करतात तें बरोबर ह्याच्या उलट. खांदा, कोपर, घडीचा उंचवटा येथें उजाळा. घडीच्या पोटांत पातळ गडद रंग. कारण मूर्ति लहान केली तरी प्रकाश कांहीं तिच्या मापाचा होत नाहीं. इवल्या घडीची छाया डोळ्यांत भरत नाहीं, ती रंगानेंच द्यावी लागते. तीही ठिपक्या-ठिपक्यागणिक: हिरव्यावर फिकट हिरवा, तपकिरीवर फिकट तपकिरी. सगळ्यावर एकच पांढुरका हात फिरविला तर शिपाई गिरणींतून पीठ घेऊन आल्यासारखा दिसतो, असें ते हंसत म्हणाले. शिवाय एक सेंटिमीटरचा ठिपका ह्या मापांत मिलिमीटरचा तिसरा हिस्साही भरत नाहीं. हिशेबानें सगळे ठिपके भरले तर हातभर अंतरावरून नुसता चिखल दिसतो. म्हणून ठिपके थोडे व मोठे घ्यावयाचे. खरें दिसावें म्हणून इतकें खोटें करण्याची मुभा कलेला पूर्वापार आहे. तिच्याविषयीं आमची तक्रार नाहीं.

ही विद्या जन्मली तीही चित्रकारांच्याच हातीं. 1915 सालीं फ्रेंच सैन्यानें छद्मकलेचें पथक उभारलें, त्याचा प्रमुख गिराँ द सेव्होला हा चित्रकार होता. मेजावरचा शिपाई ज्या सेनेचा, तिच्या छद्मवस्त्रांच्या आरंभीच्या आकृति योहान गेओर्ग ओटो शिक ह्या म्युनिकच्या कलाध्यापकानें सिद्ध केल्या. हें सर्व स्नेही आम्हांस उत्साहानें सांगत होते, आणि आम्हीही तितक्याच उत्साहानें तपकिरी रंगांत तांबूस छटा अधिक हवी कीं नको, ह्याचा खल करीत होतों. अर्धा तास असा गेल्यावर आम्हांस आठवलें कीं, ही सेना म्हणजे वाफेन-एसएस. 10 जून 1944 रोजीं फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान ह्या गांवीं ह्याच सेनेच्या तुकडीनें पुरुषांना कोठारांत घालून गोळ्या घातल्या, बायकामुलांना चर्चमध्यें कोंडून मारलें व गांव जाळलें. सहाशेंहून अधिक माणसें एका दुपारीं गेलीं. त्या गांवाचे भग्नावशेष अद्याप तसेच राखलेले आहेत. 1946 सालीं न्युरेंबर्गच्या न्यायासनानें ही संघटना गुन्हेगार ठरविली.

आम्हीं हें बोलून दाखवितांच स्नेही म्हणाले, "अहो, मी कापड रंगवितों. कापड कोणाचा जीव घेत नाहीं." त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. केवळ जेत्यांच्याच मूर्ति मांडल्या तर युद्ध म्हणजे एखादी मिरवणूक वाटेल. तीही एक लपवणूकच. आणि दुष्टाला नटविणें आपल्याला कांहीं नवें नाहीं. दशावतारी खेळांत असुराचें सोंग काय थोडें भडक असतें? परंतु तेथें असुराभोंवतीं कथा असते, आणि तींत त्याचें पारिपत्य होतें. फळीवरच्या शिपायाला कथाच नाहीं. आहे तो केवळ सुरेख कोट. त्याला कोणी मारीत नाहीं, तोही कोणाला मारतांना दिसत नाहीं; वर्षानुवर्षें उभा आहे तो आपला उभाच.

आमचे स्नेही सज्जन आहेत. ते कोणाच्या पंथाला लागतील अशी भीति आम्हांस मुळींच नाहीं. आम्हांस भय वाटलें तें स्वतःच्या त्या अर्ध्या तासाचें. झाडींत शत्रूची नजर चुकविण्यासाठीं केलेल्या ठिपक्यांनीं, ऐशींहून अधिक वर्षांनंतर, भर उजेडांत, भिंगाखालीं, आमची नजर चुकविली होती. आणि तीही उजाळा दिल्यामुळें! आपल्या भाषेंत स्मृतीलाही उजाळाच देतात. पण त्या मेजावर कापड जसजसें उजळत गेलें तसतसें त्यांतील माणसाचें कृत्य मागें सरत गेलें.

हें आम्हीं स्नेह्यांना सांगितलें. ते रागावले नाहींत, पण कुंचला त्यांनीं पाण्यांत ठेवला. पुढल्या खेपेस आम्ही गेलों तों कोट पुरा झाला होता. आणि खोटें कशाला बोलावें, फारच सुंदर वठला होता. चेहरा मात्र अजून नुसता करडा. चेहरा ते नेहमीं शेवटीं करतात. भिंग उतरवून त्यांनीं आम्हांस विचारलें, "ह्याच्या तोंडावर भाव कोणता आणूं?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मूर्ति अद्याप तशीच आहे.